जीप सकाळी सुरू होईना : पंप बांधला, नोझल बदलले, दोष निघाला वीतभर पाईपात

अण्णांची डिझेल जीप 1996 ची. मोहोळकडं शेतावर जायला-यायला आम्ही अजून तीच वापरतो. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, इंजिनच्या बाजूला मायकोचा इनलाइन पंप (डिझेलला दाब देऊन इंजिनात पाठवणारा), चार सिलिंडरला चार प्लंजर, म्हणजे दाब देणारे दांडे, एका ओळीत (2008 ला कंपनीचं नाव बॉश झालं, पण आमच्याकडचे पंपवाले अजून मायकोच म्हणतात). गेल्या डिसेंबरात तिनं जो त्रास सुरू केला तो सगळा लिहितोय, कारण जुनी डिझेल गाडी ठेवणाऱ्या बऱ्याच जणांचे पैसे असेच जातात.

सकाळी सेल्फ मारला की लगेच चालू व्हायची, तीन-चार सेकंद चालायची आणि बंद. मग नुसता सेल्फ मारत बसायचं, मागून पांढरा धूर, वास कच्च्या डिझेलचा, आणि बॅटरी बसायच्या बेतात आली की कशीबशी पकडायची. एकदा गरम झाली की दिवसभर तक्रार नाही, फक्त तुळजापूरच्या घाटात लोड आला की मधेच मिसिंग आणि ओढ कमी.

पहिल्यांदा हिटर प्लग (थंड इंजिन चालू करायला आत गरम करणारे) काढले, एकेक बॅटरीला लावून बघितला, चारही लाल होत होते. डिझेल फिल्टर बदलला. काय फरक नाही. मग एका गॅरेजला दाखवली, तिथं बघता बघता सांगितलं की पंप गेला, आणि मी पण मान डोलावली. पंप उतरवला, बांधला (म्हणजे खोलून दुरुस्त केला), कॅलिब्रेशन केलं, चारही नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारे) नवीन, सगळे मिळून एकवीस हजार. गाडी मिळाली तेव्हा टाकी फुल्ल करून घेतली आणि दहा-बारा दिवस एकदम झकास चालली. टाकी अर्ध्याच्या खाली आली आणि परत तेच सुरू, तीन सेकंद चालू आणि बंद.

मला त्या वेळी लई वाईट वाटलं, पण त्यातनंच खरा धागा सापडला. आमच्या गल्लीला चांगला उतार आहे. अण्णांच्या लक्षात आलं की जीप उताराकडं तोंड करून लावली की सकाळी चालू होते, चढाकडं तोंड करून लावली की त्रास देते. मी दोन दिवस एका तोंडानं, दोन दिवस दुसऱ्या तोंडानं लावून बघितली आणि ते अगदी खरं निघालं. टाकी मागं आहे ना, मग तोंड वर असलं की इंजिन टाकीपेक्षा उंच जातं आणि पाईपातलं डिझेल रात्रभरात हळूहळू टाकीत उतरतं. पण ते असं आपोआप उतरणार नाही, वर कुठनं तरी हवा आत आल्याशिवाय नाही उतरत.

हे मी अक्कलकोट रोडला एका जुन्या मिस्त्रीला सांगितलं, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. ते म्हणाले, "पंपाला हात लावायच्या आधी हवा बघायची असते बेटा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची लाईन ओढणारी आहे, तिथं चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली ओलं कुठंच दिसत नाही." ही गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती. प्रेशर पाईप फुटला तर डिझेल बाहेर उडतं, ओढणारा पाईप फुटला तर गाडी खालनं कोरडी ठणठणीत. आणि हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही म्हटलं तरी चालेल. नोझल उघडायला शंभर बारच्या वर प्रेशर लागतं, प्लंजरपुढं बुडबुडा आला की सगळा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडतच नाही. सकाळी पंपात उरलेल्या थोड्या डिझेलवर ती तीन सेकंद चालायची आणि मागून हवा आली की बंद.

चाचांनी फिल्टरच्या आधी फूटभर पारदर्शक पाईप जोडला. सेल्फ मारल्यावर त्यात बुडबुड्यांची माळच दिसली. मग टाकीची लाईन काढून टाकली, पाच लिटरचा कॅन बॉनेटपेक्षा उंच टांगला आणि त्याची नळी थेट फीड पंपाला. एका झटक्यात चालू, एक बुडबुडा नाही. म्हणजे पंप ठीक, नोझल ठीक, दोष टाकी आणि फीड पंपाच्या मधे. एवढं कळायला अर्धा तास आणि एक कॅन लागला.

मग खाली झोपून एकेक जोड बघितला. चासीजवळ लोखंडी लाईनला रबरी पाईपाचा वीतभर तुकडा होता, वरनं चांगला दिसत होता पण क्लिप सोडल्यावर खाली गोल चीर, क्लिप जास्त आवळल्यामुळं पडलेली. तो बदलला, पण डिझेलचाच पाईप घातला, पाण्याचा साधा पाईप घालू नका, तो डिझेलनं फुगतो नाहीतर कडक होतो. बँजो बोल्टची (पाईप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याची वायसरं सगळी नवीन टाकली. सगळं मिळून पाचशेच्या आत.

मग एअर काढली : आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की आवळायचा, मग पंपावरचा स्क्रू तसाच, शेवटी नोझलकडचे नट थोडे सैल करून सेल्फ. गाडी चालू असताना त्या नटांजवळ हात नेऊ नका, प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं, तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, जानेवारीत चांगली थंडी होती तेव्हा, टाकीत पाव डिझेल ठेवून मी जीप मुद्दाम चढाकडं तोंड करून रात्रभर उभी केली. सकाळी अण्णा स्वेटर घालून ओट्यावर आले. हिटर दिला, सेल्फ मारला, अर्ध्या फेरीत पकडली आणि बंद पडली नाही. अण्णा पाच मिनिटं नुसता आवाज ऐकत उभे राहिले, मग म्हणाले, "आता लाव कसं पण तोंड करून."