तीन मुलांचा फोटो आणि लढाईचा नकाशा

अमेरिकेच्या लष्करी इतिहासाकडे मी वळलो तो नकाशांमुळे. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईचा नकाशा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा उत्तरेचे सैन्य निळ्या आणि दक्षिणेचे लाल पट्ट्यांनी दाखवलेले होते, आणि टेकड्यांच्या आधाराने उभी असलेली निळी फळी माशाच्या गळासारखी वाकलेली होती. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत मृत, जखमी, बेपत्ता आणि कैद झालेले असे दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक कामी आले किंवा निकामी झाले, हा आकडा त्याच पानाच्या तळाशी होता आणि मी तो वाचून पुढे गेलो. नकाशा वाचणारा माणूस नकळत सेनापती होऊन बसतो. तिसऱ्या दिवशी दक्षिणेचा सेनापती ली याने सुमारे १२,५०० माणसांना उघड्या शेतांतून पाऊण मैल चालत शत्रूच्या तोफांवर पाठवायला नको होते, असा निवाडा मी बसल्या जागेवरून कितीतरी वेळा दिला आहे.

ही सवय मोडली ती एमॉस ह्युमिस्टन या सार्जंटच्या गोष्टीने. तो न्यूयॉर्कच्या १५४व्या रेजिमेंटमध्ये होता. लढाईच्या पहिल्याच दिवशी, गावाच्या कडेला असलेल्या एका वीटभट्टीपाशी, माघार घेणाऱ्या सैन्याला वेळ मिळवून देण्यासाठी या रेजिमेंटला उभे करण्यात आले आणि थोड्याच वेळात तिची फळी मोडली. गावातून मागे हटताना ह्युमिस्टन मारला गेला. त्याचे शव पुढे सापडले तेव्हा ओळख पटेल असे अंगावर काहीही नव्हते. होता तो फक्त काचेवर उतरवलेला तीन मुलांचा एक फोटो.

हा फोटो हातोहात फिरत जॉन फ्रान्सिस बर्न्स या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरकडे आला. १९ ऑक्टोबर १८६३ रोजी ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’मध्ये ‘हा कोणाचा बाप होता?’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली त्याविषयी मजकूर आला. त्या काळी वृत्तपत्रात फोटो छापण्याची सोय नव्हती, त्यामुळे छायाचित्र शब्दांनी काढावे लागले. मुले तीन, दोन मुलगे आणि एक मुलगी. सर्वांत धाकटा उंच खुर्चीत बसलेला, भावंडे त्याच्या दोन्ही बाजूंना. आणि थोरल्या मुलाच्या अंगातले कापड व बहिणीच्या झग्याचे कापड एकच. या शेवटच्या तपशिलापाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. चेहऱ्यांचे वर्णन कितीही केले तरी ते हजार मुलांना लागू पडेल. पण एकाच ताग्यातून भाऊ-बहिणीचे कपडे कोणत्या आईने शिवून घेतले होते, हे त्या आईला वाचताक्षणी कळणार, एवढी समज तो मजकूर लिहिणाऱ्याला होती असे मला वाटते.

इतर नियतकालिकांनी हा मजकूर उचलला आणि तो न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल या लहान गावी एका धार्मिक नियतकालिकातून पोहोचला. तिथे फिलिंडा ह्युमिस्टनला गेटिसबर्गनंतर नवऱ्याचे पत्र आलेले नव्हते, आणि मुलांचा असा फोटो तिनेच त्याला पाठवलेला होता. नोव्हेंबरच्या मध्यात फोटोची प्रत तिच्या हाती पडली आणि आपण विधवा झालो आहोत हे तिला कळले. फ्रँक आठ वर्षांचा, ॲलिस सहाची आणि फ्रेड चारचा होता.

त्याच सुमारास, १९ नोव्हेंबरला, लिंकन यांनी गेटिसबर्गच्या दफनभूमीच्या अर्पणसमारंभात आपले दोन-अडीच मिनिटांचे सुप्रसिद्ध भाषण केले. त्या भाषणात एकाही सैनिकाचे नाव नाही. लढाईच्या गावाचेसुद्धा नाही. हा दोष म्हणून मी सांगत नाही, कारण त्यांना राष्ट्राविषयी बोलायचे होते आणि नावे आली असती तर भाषणाची ताकद कदाचित कमी झाली असती. तरीही त्या दफनभूमीत उत्तरेच्या साडेतीन हजारांहून अधिक सैनिकांची थडगी आहेत आणि त्यांतल्या ९७९ जणांची ओळख कधीच पटली नाही, त्यांच्या वाट्याला केवळ क्रमांक कोरलेला छोटा चौकोनी दगड आला, हे ठाऊक झाल्यावर ते भाषण मला वेगळे ऐकू येऊ लागले. ह्युमिस्टनच्या थडग्यावर नाव आहे ते एका कापडामुळे.

या गोष्टीचे शेपूट मात्र स्मारकावर कोरण्यासारखे नाही. फोटोच्या प्रती विकून पैसे उभे राहिले आणि सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी १८६६ मध्ये गेटिसबर्गलाच अनाथाश्रम निघाला. फिलिंडा आपल्या मुलांसह काही काळ तिथे राहिली आणि कामही करत होती. ती निघून गेल्यावर तिथल्या व्यवस्थापिकेने मुलांचा छळ चालवल्याचे उघडकीस आले आणि १८७७ मध्ये आश्रम बंद पडला. सैनिकांच्या गोष्टी सांगणारे बहुतेक जण फिलिंडाला फोटो मिळाला तिथेच थांबतात. मीही बरीच वर्षे तिथेच थांबत होतो.

गोष्टींमधून इतिहास वाचण्याचा दुसरा धोकाही गेटिसबर्गनेच दाखवला. २ जुलैला उत्तरेच्या फळीच्या डाव्या टोकाला, लिटल राउंड टॉप या टेकडीवर, मेन राज्याची २०वी रेजिमेंट कर्नल जोशुआ चेंबरलेन याच्या हाताखाली लढली, काडतुसे संपत आल्यावर संगिनी लावून उतारावरून खाली धावली आणि तिने ते टोक राखले. ही हकिगत खरी आहे आणि थरारकही आहे. पण त्याच संध्याकाळी अगदी उजव्या टोकाला, कल्प्स हिलवर, न्यूयॉर्कच्या १३७व्या रेजिमेंटने कर्नल डेव्हिड आयर्लंड याच्या हाताखाली आपल्याहून कितीतरी मोठ्या शत्रुसैन्यापुढे जवळपास तसाच निभाव लावला, हे फारच थोड्यांना माहीत असते. चेंबरलेन युद्धापूर्वी महाविद्यालयात वक्तृत्वशास्त्र शिकवत असे, तो १९१४ पर्यंत जगला, आणि उत्तम लिहीत व बोलत राहिला. आयर्लंड १८६४ मध्येच आजाराने वारला. पराक्रमाच्या पारड्यात शाईचेही वजन पडते, एवढे लक्षात ठेवून या गोष्टी वाचाव्या लागतात.

गेटिसबर्गनंतर पंधराच दिवसांनी, १८ जुलैला, दक्षिण कॅरोलायनात दक्षिणेच्या ताब्यातल्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावर उत्तरेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याची ५४वी रेजिमेंट चालून गेली. तिचे सैनिक कृष्णवर्णीय होते. हल्ला फसला, सुमारे ६०० पैकी अडीचशेहून अधिक माणसे मृत, जखमी किंवा बेपत्ता झाली आणि त्यांचा गोरा कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ तटावरच पडला. त्याची मानहानी करण्याच्या हेतूने त्याला सैनिकांसोबत एकाच खड्ड्यात पुरण्यात आले. त्याच्या आईवडिलांनी मात्र मुलाला तिथेच, त्याच्या माणसांत राहू द्यावे अशी इच्छा व्यक्त केली. झेंडा उचलून अनेक जखमांनिशी परत आलेल्या सार्जंट विल्यम कार्नी याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च लष्करी शौर्यपदक मिळाले ते १९०० साली, म्हणजे सदतीस वर्षांनी. या रेजिमेंटची मला याहून मोठी वाटणारी लढाई पगाराची आहे. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत आणि यांना १० देऊ केले जात, त्यातूनही ३ डॉलर कपड्यांचे कापून. त्यांनी पगार घ्यायचेच नाकारले. फरकाची रक्कम आम्ही भरून देतो असे राज्य सरकारने कळवल्यावर तेही त्यांनी नाकारले, कारण प्रश्न तीन-सहा डॉलरांचा नव्हता. बायकामुले घरी उपाशी असताना, बिनपगारी लढत त्यांनी जून १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, समान पगाराचा कायदा करेपर्यंत कळ काढली. लढायांच्या नकाशावर हे दाखवायला खूण नाही.

त्याच महिन्यात व्हर्जिनियातल्या कोल्ड हार्बरला उत्तरेच्या हल्ल्याच्या आदल्या दिवशी शिपाई अंगातले कोट काढून शिवत बसल्यासारखे दिसले, आणि जवळ गेल्यावर कळले की ते नाव-पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या पाठीवर लावत आहेत, असे उत्तरेचे सरसेनापती ग्रँट यांच्या पदरी असलेल्या होरेस पोर्टर या अधिकाऱ्याने नोंदवून ठेवले आहे. आपले शव तरी ओळखू यावे ही व्यवस्था शिपायांनी स्वतःची स्वतः केली होती. लष्कराने ओळखपट्टीचा हुकूम काढला तो १९०६ मध्ये आणि एक शवासोबत राहावी व दुसरी नोंदीसाठी काढून घ्यावी म्हणून दोन पट्ट्या आल्या १९१६ मध्ये.

ओळख पटली तरी ती घरी कळवायची कशी, हा प्रश्न मग शंभर वर्षांनीही सुटलेला नव्हता. नोव्हेंबर १९६५ मध्ये व्हिएतनामच्या इया द्रांग खोऱ्यात अमेरिकन सैन्याची उत्तर व्हिएतनामी सैन्याशी पहिली मोठी गाठ पडली. अमेरिकेतल्या फोर्ट बेनिंग या लष्करी तळाच्या परिसरात राहणाऱ्या बायकांना नवरा गेल्याची तार हातात ठेवली ती टॅक्सीचालकांनी. पत्ता विचारण्यासाठी थांबलेली टॅक्सीसुद्धा त्या दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक घराचा श्वास रोखून धरत असणार. इया द्रांगमध्ये लढलेल्या एका बटालियनचे प्रमुख हॅल मूर यांच्या पत्नी जुलिया मूर अशा घरी जात राहिल्या, अंत्यविधींना हजर राहिल्या, आणि या पद्धतीविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. पुढे लष्कराने ही बातमी गणवेशातल्या माणसांनी प्रत्यक्ष जाऊन सांगण्याची पद्धत बसवली.

वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावरची ५८,००० हून अधिक नावे वर्णानुक्रमाने नाहीत, तर मृत्यूच्या क्रमाने आहेत. आराखडा करणारी माया लिन तेव्हा २१ वर्षांची विद्यार्थिनी होती आणि याच क्रमावर ती अडून बसली. त्यामुळे इया द्रांगमध्ये एकत्र पडलेली माणसे पूर्व बाजूच्या तिसऱ्या फलकावर एकत्र आहेत, हुद्द्याविना. आणि आपले माणूस शोधणाऱ्याला त्याच्या शेजाऱ्यांची नावे वाचावीच लागतात.

ओळख पटवण्याचे काम अजून चालू आहे. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरला जपानी हल्ल्यात उलटलेल्या ‘ओक्लाहोमा’ या युद्धनौकेवर ४२९ जण गेले आणि त्यांतले बहुतेक हवाईच्या दफनभूमीत अनोळखी म्हणून सरमिसळ पुरलेले होते. २०१५ मध्ये ते अवशेष बाहेर काढून नातेवाइकांच्या डीएनएशी ताडून पाहायला सुरुवात झाली आणि साडेतीनशेहून अधिक जणांची नावे परत मिळाली. उरलेल्या ३३ जणांचे अवशेष हल्ल्याला बरोबर ऐंशी वर्षे झाली त्या दिवशी, ७ डिसेंबर २०२१ रोजी, पुन्हा त्याच मातीत ठेवण्यात आले.