पेटीच्या भात्यावरून कॅमेऱ्याच्या भात्यावर

बेळगावच्या शहापुरात आमचं दुकान पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्तीचं. पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात हा धंदा, म्हणजे गिऱ्हाईकाचा कान आपल्यापेक्षा तयार! कॅमेऱ्याशी आमचा संबंध रेशनकार्डाच्या फोटोपुरता.

एकदा निपाणीचे एक फोटोग्राफर आजोबांचा कॅमेरा पोत्यात गुंडाळून घेऊन आले. सागवानी, पितळी कोपऱ्यांचा, हाफ प्लेट, म्हणजे ४.७५ बाय ६.५ इंचांची काच घेणारा. "भाता फाटलाय. पेटीवानी करून द्या की हो." मी नाही म्हणणार, तेवढ्यात वडील बोलले, "भाता तो भाताच की रे. घे."

तसा तो नव्हता. पेटीच्या भात्यात हवा टिकली की झालं, इथं लेन्सपासून काचेपर्यंत बाहेरचा उजेड अडवायचा. वर पातळ कातडं, आत काळं सुती कापड, मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या. शिवाय पुढं निमुळता. तीनदा घड्या चुकल्या. चौथा जमला म्हणून अंधारात आत दिवा घालून बघितलं, तर घडीच्या कोपऱ्याकोपऱ्यात चांदण्या! त्या बुजवण्यात आठवडा गेला.

पितळेचं मात्र मी वाटोळं केलं. चिंच-मीठ लावून समईसारखं घासलं. त्यावर जुन्या लॅकरचा सोनेरी पापुद्रा होता, तो चिंचेबरोबर गेला. फोटोग्राफर काही बोलले नाहीत, पैसेही पुरे दिले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून पितळ कोरड्या फडक्यानं पुसायचं, बस्स. स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकात, म्हणून काडेपेट्यांवर नंबर घालून ठेवतो.

दुसऱ्या कॅमेऱ्याला फोकस बघायची मागची दुधी काच उलटी बसवली. खरखरीत बाजू लेन्सकडे हवी. नाहीतर काचेच्या जाडीपायी फोकस सरकतो, दुधी काचेवर चित्र स्वच्छ आणि फोटो धूसर.

आता कोल्हापूर, गोव्याहूनही कॅमेरे येतात. नुसते शोभेला ठेवणाऱ्यांना मी सांगतो, जुना भाता राहू द्या. वडिलांना हे पटत नाही, गल्ल्यावर ते बसतात.

सध्या बाकावर दोन कॅमेरे लाकूड घासून तयार आहेत. पण बेळगावचा पाऊस! या दमट हवेत चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश मारलं की पांढरं पडतं. दोघांनाही दसऱ्याला या म्हणून सांगितलंय.