सोबत कोण आलंय? – मानसोपचार ओपीडीतला माझा अनुभव

आता झोप लागते, जेवण जातं, ऑफिसात कुणावर खेकसत नाही. तरी त्या केसपेपरच्या खिडकीचा राग काही उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

बायको गेल्यापासून मी एकटा राहतो. मुलगी बंगळुरूला. डिप्रेशन म्हणजे माणूस रडत बसतो अशी माझी समजूत. मला रडू कधी आलंच नाही. डोकं भडकायचं, पाठ धरायची, पहाटे तीनला टक्क जाग यायची आणि संध्याकाळी दारू प्यायल्याशिवाय घर खायला उठायचं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-12 तपासलं, दोन्ही ठीक निघालं, तेव्हा त्यांनीच मानसोपचाराची चिठ्ठी दिली. खाजगीची फी दर महिन्याला परवडणारी नव्हती, म्हणून मोठ्या रुग्णालयात गेलो.

रांगेत तासभर उभं राहिल्यावर माझा नंबर लागला. चिठ्ठी बघून आतल्या माणसाने विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"कुणी नाही. मीच पेशंट."

"मानसोपचारला एकट्याचा पेपर निघत नाही. नातेवाईक घेऊन या."

त्याच्यापुढे रजिस्टर होतं, त्यात रकानाच होता: सोबतच्या नातेवाईकाचे नाव व मोबाईल. म्हटलं, मुलीचा नंबर लिहा. तर म्हणे, हजर पाहिजेत, सही लागते. भाऊ? भाऊ सांगलीला. शेजारी? शेजारी नातेवाईक नाहीत. माझ्या मागे मुलाला घेऊन आलेल्या एक मावशी होत्या, त्यांना कीव आली. म्हणाल्या, "लिहा हो माझं नाव, भाऊच समजते मी त्यांना." त्यावर उत्तर आलं, "मावशी, तुमचं नाव तुमच्या पेशंटवर लागणार. एका नावावर दोन पेशंट चालत नाहीत." पुढचा!

ज्याला घरी बोलायला माणूस नाही म्हणून हा आजार बळावला, त्यालाच हे सांगतात की आधी माणूस आणा. त्या दिवशी मी सरळ घरी आलो असतो. पण रागाने पाय तिथेच रोवले. जिन्याखाली समाजसेवा अधीक्षकांची खोली दिसली, तिथे जाऊन बसलो. बाईंनी ऐकून घेतलं, चिठ्ठीवर "एकटे राहतात, पेपर द्यावा" असं लिहून शिक्का मारला. खिडकीवर लगेच पेपर निघाला. रकान्यात त्याने आडवी रेघ ओढली, बस. एका रेघेचं काम!

घरी आल्यावर कायदा काढून वाचला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017. सज्ञान माणूस स्वतःहून दाखल व्हायला आला, तरीसुद्धा कलम 86 प्रमाणे नातेवाईकाची संमती किंवा हजेरी लागत नाही. मी तर नुसता ओपीडीत गेलो होतो. कलम 14 प्रमाणे आपला प्रतिनिधी, म्हणजे उपचारांचे निर्णय घ्यायला आपल्याला मदत करणारा माणूस, आपण आधीच नेमू शकतो: साधा कागद, आपली सही, त्याची लेखी तयारी. तो नातेवाईकच हवा असं नाही, मित्रही चालतो. मी माझ्या जुन्या मित्राला नेमलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "अरे, हे आधी का नाही बोललास?"

डॉक्टर चांगले होते. त्यांनी दारूचं विचारलं तर खरं सांगा, औषधाचा हिशेब त्यावर असतो. गोळीने पहिल्या आठवड्यात मळमळलं. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात हे त्यांनी बजावलं होतं म्हणून टिकलो, नाहीतर फेकूनच दिली असती. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करू नका.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: रात्री फार वाईट विचार यायला लागले तर ओपीडी उघडायची वाट बघू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

त्या रकान्याबद्दल मी रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज दिलाय. पोच घेतली आहे, उत्तर अजून नाही. तुम्हालाही कुणी नातेवाईक मागितला तर वाद घालत बसू नका, सरळ समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारा. आणि सोमवारी जाऊ नका, गर्दी भयंकर असते.