बरणी शांत होती तेव्हा

ब्रेड कापून झाला, अर्धा संपलाही, आणि मी अजून ओट्यापाशीच उभी आहे. उद्यापर्यंत बारीकसारीक गोष्टी विसरेन, म्हणून लगेच लिहितेय.

अठरा दिवसांपूर्वी काचेच्या बरणीत ५० ग्रॅम कणीक आणि ५० ग्रॅम पाणी कालवलं. विकतचं यीस्ट वगैरे काही नाही, ब्रेड फुगवायला घरचंच आंबवण, म्हणजे स्टार्टर, करायचं होतं. पीठ किती चढतंय ते कळावं म्हणून बाहेरून रबरबँड लावला. दुसऱ्याच दिवशी दुप्पट! मी आनंदाने घरभर बरणी दाखवत फिरले. तिसऱ्या दिवशी पीठ बसलं, ते बसलंच. चौथा, पाचवा, सहावा दिवस, बुडबुडा म्हणून नाही. वर ओल्या मोज्यांसारखा वास. सहाव्या रात्री बरणी सिंकवर उलटी करायच्या बेतात होते. त्याआधी एकदा वाचून बघावं म्हटलं, आणि वाचलं ते बरं झालं. सुरुवातीची ती उसळी यीस्टची नसतेच, पिठातल्या भलत्याच जिवाणूंची असते. आंबटपणा वाढत जातो तसे ते मागे पडतात, आणि आंबट सोसणारं रानटी यीस्ट हळूहळू जोर धरतं. म्हणजे मला मेलेली वाटलेली बरणी आतून कामालाच लागली होती! मग रोज ५० ग्रॅम ठेवायचं, बाकी काढून टाकायचं, तेवढीच ताजी कणीक आणि तेवढंच पाणी घालायचं. दहाव्या सकाळी झाकण काढलं तर वास पार बदललेला, पिकल्या फळासारखा आंबटगोड. बाराव्या दिवशी पाच तासांत स्टार्टर रबरबँडच्या कितीतरी वर होता.

पहिला ब्रेड बिघडला. ५०० ग्रॅम मैदा, ३५० पाणी, १०० स्टार्टर, १० मीठ, मापं अगदी काट्यावर तोललेली. कृतीत 'आठ तास' होतं, मी पीठ आठ तास आंबत ठेवलं. स्वयंपाकघरात ३० अंश तापमान होतं, ते लक्षातच घेतलं नाही. पीठ ओट्यावर ओतलं तर पसरतच गेलं, बोटांना तारा. फार आंबलं की ग्लुटेनची, म्हणजे पिठाला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची, पकड सुटते. भाजल्यावर चपटी, आंबटढाण चकती निघाली. त्या रात्री खरंच रडू आलं.

या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही. अर्ध्या अर्ध्या तासाने चार वेळा घड्या घातल्या. पिठाचा छोटा गोळा सरळ उभ्या ग्लासात दाबून बसवला आणि खूण केली. तो दीडपट झाला तेव्हा चारच तास झाले होते! लगेच आकार दिला, रात्रभर फ्रिजमध्ये.

आज सकाळी गार गोळ्यावर ब्लेडने एक तिरका काप दिला आणि २४० अंशांवर तापलेल्या बिडाच्या भांड्यात सोडला. झाकण ठेवून २० मिनिटं, म्हणजे पिठाची वाफ आतच कोंडते, वरची साल मऊ राहते आणि ब्रेडला फुगायला वाव मिळतो. झाकण काढलं. कापाची कड उचलली गेली होती, कानासारखी! पुढची २५ मिनिटं मी ओव्हनसमोरून हलले नाही.

जाळीवर ठेवल्यावर साल तडकायला लागली. अगदी बारीक तडतड, कान जवळ नेला तरच ऐकू येणारी. गरम कापला तर आतला गर चिकट राहतो, म्हणून दोन तास थांबले. कठीण गेलं.

तळाशी अजून थोडा दाट आहे. पुढच्या वेळी आकार देण्याआधी अर्धा तास जास्त ठेवून बघणार. बरणीत ताजी कणीक घातलीय.