भांगाच्या पाण्यातली गरी

कार्तिक वद्य अष्टमी

आज खाडीला भांग होता, म्हणजे भरतीलाही जोर नव्हता आणि ओहोटीलाही नव्हता. अशा पाण्यात मासा फिरत नाही, त्यामुळे गरवायला, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरायला जाऊ नये, असे रत्नागिरीत आल्यापासून मला अनेकांनी बजावले आहे. तरीही शाळा सुटल्यावर मी भाट्याच्या खाडीवर गेलो. आपल्याला हेच पाणी मानवते, असे आता ठामपणे लिहायला हरकत नाही.

सोलापूरकडून आलेल्या माणसाला समुद्राचे वेळापत्रक कोणी शिकवलेले नसते. इथे ते पंचांगावरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ मिळते : तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. जागेप्रमाणे अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, पण हिशेब मोडत नाही, कारण चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि पाणी त्याच्यामागून चालते. या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती इथल्या लोकांच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की कोणी मला ती सांगितली नव्हती. या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची भरती नेहमी दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, तर अष्टमीच्या भांगाची पहाटे आणि संध्याकाळी. पाचच्या सुमारास मोकळ्या होणाऱ्या माणसाच्या वाट्याला पंधरवड्यातून षष्ठी ते नवमी या संध्याकाळी आपसूक येतात. मासे मिळवायचे असतील तर उधाण गाठावे, हा सल्ला खराच असेल. पण तो पाळायचा म्हणजे रात्री बारा वाजता खडपांवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, उभे राहायचे, दुसऱ्या दिवशी वर्गात जांभया द्यायच्या आणि या छंदाला महिन्याभरात कंटाळायचे.

शिवाय भांगाचा एक फायदा असा आहे, की तो नवशिक्यालाच अधिक कळावा. उधाणाच्या ओढीत तळ धरायचा तर जड शिसे बांधावे लागते, आणि तेवढ्या वजनापुढे लहान माशाची चाहूल बोटापर्यंत पोहोचत नाही. आजच्यासारख्या संथ पाण्यात 15-20 ग्रॅमचे शिसे पुरते आणि बारीक तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, तर्जनीवर घेऊन बसले की तळाशी काय चालले आहे ते समजू लागते. शिसे वाळूवरून सरकते तेव्हा सलग खरखर जाणवते, चिखलात ते रुतून गप्प होते, आणि खेकडा आमिष कुरतडत असेल तर तंगूस नुसती जड होऊन राहते. मुडदुशी हा लहान मासा मात्र टकटक करतो. तिचे तोंड लहान, राहणी वाळूवरची आणि भ्यायली तर ती वाळूतच शिरते, म्हणून तिला बारीक गरी आणि कोळंबीचा नखाएवढा तुकडा लागतो. गऱ्यांचे आकडे उलटे चालतात, आकडा वाढला की गरी लहान होते, हे दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही. राजिवड्याच्या एका चाचांनी माझी हातगरी बांधून दिली तेव्हा ते समजले.

आज तीन मुडदुश्या मिळाल्या. एवढ्यावर घरचे एक जेवण होते.

कार्तिक अमावास्या

शाळेतले एक सहकारी मला मोठ्या मासेमारीची गोडी लागावी म्हणून फार झटत आहेत. आज रविवार असल्याने ते सकाळी नऊलाच रॉड, रील आणि रंगीत नकली मासे घेऊन आले आणि पाणी चढत असताना आम्ही खडपांवर गेलो. त्यांना दीड-दोन किलोची तांबोशी लागली. तिने एकदा कपारीकडे घेतलेली धाव आणि रीलचा तो आवाज पाहून मलाही भरून आले, हे खोटे नाही. पण माझ्या हातात रॉड आला तेव्हा फेकायचे, गुंडाळायचे आणि पुन्हा फेकायचे, एवढेच चालू राहिले. ज्याला त्या शिकारीची ओढ आहे त्याला हे श्रम जाणवत नसतील. मला पाण्याखाली काय आहे ते समजेना, आणि मुळात मी खाडीवर जातो ते त्याच्याचसाठी.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

केंड माशाने दोन गऱ्या नेल्या. त्याचे दात चोचीसारखे असतात आणि तंगूस इतकी स्वच्छ तुटते की हाताला फक्त अचानक हलकेपणा कळतो. तो विषारी असल्यामुळे लागला असता तरी घरी आणण्यासारखा नव्हता. नंतर एक शिंगाळा लागला. त्याच्या पाठीवरचा आणि दोन बाजूंचे असे तिन्ही काटे करवतीसारखे असून ते टोचले तर फार वेळ ठणकते, म्हणून मी आता पक्कड जवळ ठेवतो. गरीचा उलटा काटा त्याच पकडीने आधीच दाबून सपाट केलेला असतो, त्यामुळे मासा सोडायचा झाला तर गरी अलगद निघते. लहान मुडदुश्या मी हात ओले करून सोडतो, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

शिंगाळाही सोडणार होतो, तेवढ्यात मागून चाचांनी विचारले, “सर, सोडायचाच होता तर धरलात कशाला?”

या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. त्यांचे सगळे आयुष्य या खाडीवर गेले आहे आणि माझ्या टकटकीच्या कौतुकाने त्यांची चूल पेटत नाही. मी अर्धवट काहीतरी बोललो, की याची चव घरात कोणाला रुचत नाही, वास येतो. त्यावर त्यांनी शांतपणे पक्कड मागून घेतली, तिन्ही काटे मोडले आणि मासा आपल्या पिशवीत टाकला. कालवण कसे करायचे ते माहीत नसले की वास येतो, असेही त्यांनी ऐकवले.

जाताना व्यवहार ठरला. यापुढे मला लागलेला प्रत्येक शिंगाळा त्यांचा, आणि त्याच्या बदल्यात ते मला ओहोटीच्या चिखलातून काढलेले किडे देणार, कारण मुडदुशीला कोळंबीपेक्षा ते अधिक आवडतात म्हणे. उद्या अष्टमी आहे. किडे ठेवायला झाकणाचा डबा घरून आणा, असे त्यांनी दोनदा सांगितले आहे, आणि स्वयंपाकघरातला कोणता डबा या कामी मागायचा हे मला अजून ठरवता आलेले नाही.