मुळांवरचा मावा: नाचणीवर दुसरी पिढी

नाचणीच्या मुळांवर दुसरी पिढी आली. दुर्वांच्या मुळांवरून आलेल्या माव्याच्या पिल्लांनी तिथंच काती टाकल्या, वाढली, आणि आज सकाळी भिंग लावलं तर त्यांच्या पोटाला लागून नवी पिवळसर पिल्लं, सगळी सोंड रोवून बसलेली. श्रावणापासून हा मावा दुर्वांवरून नाचणीवर वसवायच्याच मागे होते. फोटो निवडायचे राहिलेत, पण नोंद आजच लिहायला हवी.

आधी ओळखीचं. हा फोर्डा, म्हणजे मुळांवरच्या माव्यांचाच दुसरा एक वंश, असेल अशी शंका तुमच्यापैकी काहींना होती. आता दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये साफ करून स्लाइड केली आहे. बिनपंखी मादीचा टार्सस (पायाचा शेवटचा भाग) एकाच खंडाचा आहे आणि पोटावर, इतर माव्यांना असतात त्या शिंगांच्या जागी, बारीक भोकं स्पष्ट दिसतात. फोर्डा आणि त्याच्यासारखाच मुळांवरचा जिओइका, दोघांनाही ती नसतात. तेव्हा टेट्रान्यूरा नक्की, आणि आपल्याकडे गवतांच्या मुळांवर नेहमी सापडणारी टेट्रान्यूरा निग्रिअ‍ॅब्डॉमिनॅलिसच असणार. सासाकींनी १८९९ साली जपानमधून वर्णन केलेली हीच जात. तिकडे ती एल्म नावाच्या झाडाच्या पानांवर देठ असलेल्या पिशवीसारख्या गाठी करते, उन्हाळ्याच्या तोंडाला गाठ फाटते, पंखवाल्या बाहेर पडून गवतांकडे जातात. उष्ण मुलखात ती बारा महिने मुळांवरच राहते. इंदूरला एल्म नाही, म्हणजे आमच्या रामबागेतल्या दुर्वांखाली जो मावा आहे त्याच्या किती पिढ्यांनी गाठ पाहिलेली नाही, याचा विचार करत मी तासन् तास ती मुळं बघत बसते.

आता मुख्य दुखणं. दुर्वांवरून नाचणीवर हलवलेली वसाहत सारखी मरत होती. सुरुवातीला दोन दिवस ठीक, मग मावा मुळं सोडून डब्याच्या कोपऱ्यात भटकायचा, मग पांढऱ्या बुरशीत गुरफटलेला सापडायचा. अशा वेळी ‘यजमान वनस्पतीनं नाकारलं’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह मोठा असतो. मी एकच गोष्ट ठरवून टाकली: ज्या दिवशी नाचणीवर हलवायचं, त्याच दिवशी, त्याच ब्रशनं, तसल्याच डब्यात दुर्वांवरून दुर्वांवरही हलवायचं. आणि दुर्वांवरचेही मेले, अगदी त्याच क्रमानं. म्हणजे नाचणी निर्दोष होती, खोट घरातच होती. ‘अमक्या झाडावर मावा टिकला नाही’ अशी नोंद टाकणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की स्वतःच्याच झाडावर परत हलवून बघितल्याशिवाय झाडावर आळ घेऊ नका. मावा नव्या झाडाशी कसा जुळवून घेतो हा आपला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर डब्यातल्या ओलीनं खाऊन टाकलं तर हाती काही लागत नाही.

मग घर सुधारायला घेतलं. काचेच्या भिंतीच्या कुंडीत आमची माळव्याची काळी माती चालणारच नव्हती. पाणी मिळालं की फुगते, वाळली की भेगाळते. मुळांभोवती माव्यानं धरलेली पोकळी प्रत्येक पाण्यासरशी मिटते. नारळाच्या भुश्यात पोकळी राहते, पण बुरशी धरायला त्याच्याइतकं तयार काही नाही. भुश्याच्या विटा विकणारे ‘निर्जंतुक’ म्हणतात त्यावर माझा आता विश्वास नाही. शेवटी मिठाईचे चपटे पारदर्शक डबे घेतले आणि तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिस आणि कुटलेला कोळसा, अंदाजे नऊ भागांना एक भाग, असा थर ओतला. त्यावर टीपकागद, कागदावर मुळं, कडेच्या खाचेतून रोपाचा शेंडा बाहेर, वर काळं कापड. प्लास्टर सियागंजात स्वस्त मिळतं, फक्त पोतं फोडलेलं असेल तर घेऊ नका, हवा लागलेलं घट्ट होत नाही.

प्लास्टरनं ओल सांभाळली, तरी चिकटा, म्हणजे माव्याच्या अंगातून गळणारा गोड रस, राहिलाच. जमिनीत मुंग्या तो चाटून नेतात. गाठीच्या आत मुंग्या नसतात, तिथं थेंबांवर मेणाची भुकटी चढते आणि ते गोळ्यांसारखे सुटे राहतात, म्हणून बंद पिशवीतही मावा स्वतःच्या रसात बुडत नाही. डब्यात मात्र मुंग्या नाहीत आणि मेण पुरत नाही. मुंग्या आणून बघितल्या. राणी आणि अंडी-पिल्लांशिवाय त्या काम करत नाहीत, नुसत्या वाट शोधत फिरतात. त्यांचा नाद सोडला.

उत्तर मागच्या अंगणातल्या खतखड्ड्यात होतं. ज्या शहरात अल्बर्ट हॉवर्डनी १९२४ साली संस्था काढून ‘इंदूर पद्धती’चं कंपोस्ट जगाला दिलं, तिथं हे आधी सुचायला हरकत नव्हती असं आईचं म्हणणं. अर्धवट कुजलेल्या पाल्यात पांढरे स्प्रिंगटेल, म्हणजे उड्या मारणारे बारीक जीव, खच्चून असतात आणि बुरशी हाच त्यांचा चारा. चिमूटभर पाला पाण्यावर झटकला, तरंगणारे स्प्रिंगटेल कागदाच्या कडेनं डब्यात उतरवले. माव्याला ते हातसुद्धा लावत नाहीत. आठवडाभरात टीपकागदावरची पांढरी जाळी गेली आणि दुर्वांवरची वसाहत टिकली. एवढं झाल्यावरच नाचणीकडे वळले.

हलवण्याची रीतही बदलली. मोठ्या माद्या ब्रशनं उचलल्या की सोंड मुळात अडकलेली असते, ती ओढली जाते. आता मी मावा उचलतच नाही. पिल्लं असलेला दुर्वांच्या मुळाचा तुकडा कापून नाचणीच्या मुळाला टेकवून ठेवते. तुकडा सुकत जातो तशी पिल्लं आपल्या पायांनी पलीकडे जातात. माद्या बहुतेक सुकल्या मुळावरच हटून बसतात. नव्या झाडावर जम बसतो तो लेकींचा. ब्रश तरी लागतोच, तो राजवाड्याजवळच्या चित्रकलेच्या दुकानातला तीन शून्यांचा, खऱ्या केसांचा घ्या; नायलॉनचा फुटतो. आणि रेनॉक्सची डीसीआर-२५० भिंग-जोडणी महाग वाटली तरी घ्या, मोबाईलवर चिकटवायची स्वस्त भिंगं कडेला सगळं ताणून दाखवतात.

बियाण्याबद्दल एक सावधगिरी. गुलाबी किंवा निळा रंग चढवलेलं बियाणं वापरू नका. त्यावरचं औषध कीटकनाशक असेल तर ते रसातून चढतं आणि रस शोषणारा जीव आधी मरतो. तेही पुन्हा ‘झाडानं नाकारलं’सारखंच दिसतं. किराण्यातली खायची नाचणी भिजवून मोड आणा, उत्तम रुजते.

नाचणीवरची पिल्लं दुर्वांवरच्यांपेक्षा गोलसर आणि फिकी दिसतात. याला मी अजून काही नाव देणार नाही. नाचणीचं मूळ जाड आणि रसाळ आहे, फरक नुसत्या खाण्याचाही असेल. नाचणीवरच्यांच्या लेकी परत दुर्वांवर आणल्या की दिसेल.

इथवर लिहून झालं आणि वावळ्याचा विचार डोक्यातून जाईना. पलीकडच्या गल्लीत मोठा वावळा आहे, एल्मच्याच कुळातला. वसंतात त्याच्या कोवळ्या पालवीवर आमचा मावा सोडावा असं मनात होतं. पण २०२१ साली ‘करंट बायॉलॉजी’त आलेलं ऐश्वर्या कोरगावकर आणि सहकाऱ्यांचं काम पुन्हा वाचलं आणि बेत फिरला. त्यांनी विच हेझेल या झुडपावर गाठी करणारा हॉर्मॅफिस कॉर्नू नावाचा मावा घेतला. गाठ लाल होणार की हिरवी, हे माव्याच्या एका जनुकाशी निगडित निघालं, आणि ते जनुक ‘बायसिकल’ नावाच्या मोठ्या कुटुंबातलं. ही जनुकं गाठ सुरू करणाऱ्या मादीच्या, म्हणजे फंडाट्रिक्सच्या, लाळग्रंथींत जोरात चालू असतात, पुढच्या पिढ्यांत जवळजवळ बंद. जनुकसंच तोच, पण गाठ घडवणारी लाळ एकाच पिढीची. मुळांवरच्या माद्या वावळ्यावर सोडून काही कळणार नाही, फंडाट्रिक्स हवी. आणि ती फक्त लैंगिक पिढीच्या अंड्यातून येते.

म्हणून आता खरा प्रश्न असा की आमच्या माव्यात ती पिढी होते का. हे तपासायला झाड लागतच नाही. शरदात पंखवाली निघाली की तिला एकटीला ओल्या टीपकागदावर ठेवायचं आणि तिची पिल्लं भिंगाखाली बघायची. सोंड असेल तर ती पुन्हा गवताची, मुळाकडेच जाणारी. सोंडच नसेल तर ती नर-मादी पिढी, जी काही खात नाही आणि जिची मादी एकच अंडं घालते. एक नजर पुरेल. दुर्वांच्या दोन डब्यांवर आजच जाळी बसवली, पंखवाली निघाली तर निसटायला नको. वावळ्याच्या सालीचा तुकडाही आणून ठेवते, पण तो सोंड नसलेलं पिल्लू दिसलं तरच डब्यात जाईल.

कोकणात किंवा घाटावर नाचणीच्या शेतात मुळं उपटून बघणाऱ्या कुणाला हा मावा सापडला तर कळवा. पिढ्यान् पिढ्या नाचणीवर वाढलेली वसाहत दुर्वांवर आणली की तिच्याही माद्या सुकल्या मुळावर हटून बसतात का, हे माझ्या डब्यांत बघता येणार नाही. माझी नाचणीवाली अजून आजीच्या दुर्वा सोडून आलेली आहे. गव्हाचे मोड उद्या टाकते, शरबतीचे. स्प्रिंगटेल आधी सोडून ठेवणार, मग पिल्लं, आणि शेजारी नेहमीसारखा दुर्वांवरून दुर्वांवरचा डबा.