तुम्ही विचारलंत म्हणून : ‘देव आधी’ म्हणजे नेमकं काय करायचं?

“तुम्ही ख्रिस्ती लोक म्हणता देव आधी, बाकी सगळं नंतर. मग ऑफिसातल्या पूजेला काय करता? देशाचं, आईवडिलांचं काय?” हे सहकारी विचारतात आणि नव्यानं विश्वासात आलेली मुलंमुली तर हमखास विचारतात.

पूजेपासूनच सुरुवात करते, कारण अडचण बहुतेकदा तिथंच येते. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रं पुसली जातात, हार येतात, पेढे वाटले जातात, आरती होते. यंत्र पुसणं, खुर्च्या मांडणं, चहापाणी बघणं हे सोबत्याचं काम आहे. ते मनापासून करावं. आरतीचं ताट हातात घेणं ही मात्र उपासना आहे आणि तिथं थांबावं. नुसतं हजर राहिलं तर चालेल का? बायबलमधल्या ‘२ राजे’ या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात अराम देशाचा सेनापती नामान हेच विचारतो. माझा राजा रिम्मोन या दैवताच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा व्हावी. संदेष्टा अलीशा त्याला ‘शांतीनं जा’ म्हणतो. पण त्याआधी नामानानं, यापुढे परमेश्वराखेरीज कुणालाही बळी अर्पण करणार नाही, असं उघड सांगितलेलं असतं. आपण तेवढं सोडतो आणि सवलत लक्षात ठेवतो.

प्रसादाबद्दल प्रेषित पौलानं बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १०व्या अध्यायात बारकाईनं लिहिलंय. बाजारातलं मांस चौकशी न करता घ्या. कुणी जेवायला बोलावलं तर पानात वाढलेलं खा. पण कुणी मुद्दाम ‘हे मूर्तीला वाहिलेलं आहे’ असं सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. प्रसाद हा प्रसाद म्हणूनच दिला जातो, म्हणून मी घेत नाही. आपल्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणाचं मत वेगळं असेल, तर त्यावरून एकमेकांचा न्याय करू नये.

बिघडतं ते वेळेमुळे. समोर ताट आलं, दहा जण बघताहेत आणि आपण हात मागे घेतला, तर देणाऱ्याचा अपमान होतो. आठवडाभर आधी, ज्यांच्याकडे व्यवस्था आहे त्यांना एकट्यात गाठा. “मी आरतीत नसेन, पण त्या दिवशी दुसरं काय काम देता?” एवढं पुरतं. तिथं त्यांच्या देवावर वाद घालायचा नाही.

खोटी सही मागितली जाते तो प्रसंग याहून अवघड. बायबलमधला दानीएल परक्या राजाच्या दरबारात अधिकारी होता. त्याच्या विरोधकांनी आधी त्याच्या कारभारात खोट शोधली. ती सापडली नाही, म्हणूनच त्याच्या प्रार्थनेवर कायदा करावा लागला. हुकूम निघाल्यावरही तो दिवसातून तीनदा, पूर्वीसारखाच, गुडघे टेकत राहिला. नवं प्रदर्शन काही केलं नाही. वाढीव बिलावर सही करायला नकार द्यायचा, तर बाकीचं टेबल संध्याकाळपर्यंत रिकामं झालेलं हवं. कामचुकार माणसाचा नकार कुणी विवेकाचा मानत नाही. आणि हाताशी निदान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. घराचा हप्ता थकेल या धास्तीनं भल्याभल्यांच्या सह्या होतात. म्हणून ऐपतीपेक्षा मोठं कर्ज न काढणं हाही मी विश्वासाचाच भाग मानते.

देशाचं विचाराल तर कर भरावा, कायदा पाळावा, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी. देवाची आज्ञा मोडायला लावणारा हुकूम आला, तर नम्रपणे नाही म्हणावं आणि त्याचे परिणाम सोसावेत. १९८५ मध्ये केरळात यहोवाचे साक्षीदार पंथातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीत म्हणायला आमची हरकत नाही, या मुद्द्यावर त्यांचं-आमचं पटत नाही. पण ती मुलं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, दुसऱ्या कुणाला गाण्यापासून अडवत नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. नकार द्यावा तो असा.

आईवडिलांच्या बाबतीत उलटी चूक होते. रोज संध्याकाळी प्रार्थनासभा आणि घरी आईची औषधं संपलेली! मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात ‘कुर्बान’ (देवाला वाहिलेलं) म्हणून पैसा देवाच्या नावे टाकून आईबापांना रिकामे हात दाखवणाऱ्यांना येशूनं खडसावलंय. दशमांश, म्हणजे देवासाठी उत्पन्नाचा दहावा भाग, काढताना हे आधी वाचावं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. आपली सर्वांत घट्ट निष्ठा सरकारशी किंवा साहेबाशी नसते, ती जातीशी असते. बाप्तिस्म्याला पिढ्या उलटल्या तरी स्थळ बघताना पूर्वीची जात विचारली जाते. गोव्यात काही गावांत चर्चच्या फेस्ताचा, म्हणजे सणाचा, मान ठरावीक घराण्यांकडे राहिला. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परजातीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत होता, पण यरुशलेमेहून आपली माणसं आल्यावर भिऊन उठला. पौलानं त्याला सर्वांदेखत सुनावलं. प्रेषितसुद्धा आपल्या माणसांना भ्यायला, म्हणून आपण अधिक जपायला हवं. मुलामुलीच्या बायोडाटावरून जातीचा रकाना काढा, मध्यस्थांना तसं स्पष्ट सांगा आणि नातलगांचे फोन येतील ते शांतपणे घ्या. पहिल्या फोनलाच विषय मिटत नाही. मामा-काका पुन्हा पुन्हा विचारतील, तेव्हा दर वेळी तेच उत्तर द्या.